कोंबड्यांचं पथ्य

माणूस गेला की त्याच्या हाडांतल्या पेशींना कोण सांगतं, की आता पुरे?

हा प्रश्न मी पालघरला दवाखान्यात डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, घरी जा, आईला सांभाळा. दहाव्याला भटजींना विचारला. ते म्हणाले, पाणी सोडा. ताईच्या साहेबांना विचारला, तर ते चष्मा काढून पुसत बसले. काच स्वच्छच होती.

तुम्हालाही येत नसेल उत्तर. राहू द्या, चहा गार होईल. त्यापेक्षा माझ्या गाढवपणाचा किस्सा ऐका. तो मला पाठ आहे.

तुम्ही म्हणाल, सातवीतून शाळा सोडलेला, काकाच्या होडीवर जाळं ओढणारा हा रम्या, याला पेशीबिशी कुठून कळल्या? कोंबड्यांमुळे कळल्या. सगळं कोंबड्यांमुळेच झालं.

माझी ताई सुनंदा, नवापूरच्या आमच्या आळीतली पहिली बी.एस्सी. बाबा आम्ही लहान असतानाच गेले. आई डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन मनोरच्या बाजारात जायची, त्या पाटीवर आम्ही दोघं वाढलो. म्हणजे ताई वाढली आणि शिकली. मी नुसता वाढलो. त्या पाटीने आईची पाठ अशी वाकली, की ती आता समोर उभी राहून बोलते तेव्हा माझ्या पोटाशी बोलते.

ताईला बोईसरला, एमआयडीसीत, औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. आधी गोळ्या पाण्यात नीट विरघळतात की नाही ते बघायचं काम. मग कारखान्याने हाडांच्या औषधासाठी एक छोटी लॅब काढली आणि ताईला तिथे घेतलं. काम काय? तर हाडं खाणाऱ्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या.

मी म्हटलं, "हाडं खाणारे तर आपल्या आळीत चार कुत्रे हायत. एक घेऊन जा."

"कुत्रा बाहेर असतो," ती म्हणाली. "ह्या हाडाच्या आत बसून खातात. तुझ्या पण हाडात हायत."

पुढचे दोन दिवस मी मांडी घालून बसलो नाही. म्हटलं, उगाच कशाला वजन टाका.

आता या पेशी आणायच्या कुठून? तर कोंबडीच्या पायाच्या हाडातून. त्याही कुठल्याही कोंबडीच्या नाही, रोज अंडं देणाऱ्या कोंबडीच्या. कारखान्यात कोंबड्या ठेवायला जागा नव्हती. एकदा ठेवून बघितल्या, तर त्या तिथल्या हवेत टिकल्या नाहीत. माणसं कशी टिकतात, तो वेगळा किस्सा. मग साहेब ताईला म्हणाले, तुमच्या घराला अंगण आहे ना?

झालं. एका रविवारी मनोरकडच्या पोल्ट्रीतून टेम्पो आला. पांढऱ्याशुभ्र कोंबड्या, लाल तुरे, पाय स्वच्छ. आमच्या गावठी कोंबड्यांमध्ये त्या लग्नाला आलेल्या शहरातल्या पाहुण्यांसारख्या दिसत होत्या. उकिरडा कसा उकरायचा तेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

ताईने तांदळाची कणी, भरडलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड अशी पोती आणून ठेवली. मला म्हणाली, "रम्या, ह्यांना हेच खाद्य. दुसरं काय नाय. थोड्या दिवसांनी पातळ अंडी येतील, कवच नसेल. घाबरू नको. टाकून दे."

का, ते तिने सांगितलं नाही. सकाळची एसटी गाठायची होती. आणि मी विचारलं नाही, कारण विचारून काम करणाऱ्यांतला मी नाही. मी आधी करतो. विचार नंतर येतो, पाहुण्यासारखा. बहुतेक वेळा तो येतो तेव्हा घर बंद असतं.

पातळ अंडी आली. तुम्ही कधी बघितलंय का बिनकवचाचं अंडं? हातात घेतलं की लिबलिबतं, फुग्यात पाणी भरल्यासारखं. आत पिवळं हलताना दिसतं. मला तर ते उघडं पडलेलं वाटायचं, त्याच्यावर काहीतरी घालावंसं वाटायचं.

शेजारच्या पार्वतीमावशीने कुंपणावरून बघितलं. मावशीचं तोंड म्हणजे सुरमई कापायची सुरी. ती म्हणाली, "लेक शिकली तशी कोंबड्यांनी पण कापडं सोडली वाटतं."

मला ते लागलं. माझ्या ताईच्या कोंबड्यांना कोणी असं बोलावं? आणि इलाज काय, ते आमच्या आळीत शेंबड्या पोराला ठाऊक आहे. कोंबडीचं अंडं मऊ झालं की किनाऱ्यावरच्या शिंपल्या आणायच्या, वरवंट्याने कुटायच्या, अंगणात फेकायच्या. चार दिवसांत कवच कडक. माझ्या आजीने तेच केलं, आईने तेच केलं.

तुम्ही म्हणाल, ताईने सांगितलं होतं ना, दुसरं काही द्यायचं नाही? अहो, खाद्य द्यायचं नाही असं सांगितलं होतं. शिंपल्या हे खाद्य आहे का? एखाद्याला सांगितलं, नुसता भात खा, तर तो पाणी प्यायचं थांबतो का?

मी शिंपल्या कुटल्या. पांढऱ्या पाहुण्या तुटून पडल्या. मक्याकडे बघेनात. थोड्याच दिवसांत अंडी अशी टणक झाली की ताटावर ठेवली तर खणकन वाजायची. मी एक अंडं मुद्दाम पार्वतीमावशीला नेऊन दिलं.

संध्याकाळी ताई घरी आली की हातपाय धुता धुता विचारायची, "पातळ अंडी आली का रे?"

"आली ना."

"टाकलीस?"

"टाकली."

यात खोटं काय आहे सांगा. आली होतीच. टाकलीही होती. आता येतात का, असं तिने विचारलं नाही. चांगली अंडी मी आईच्या ताटात आणि माझ्या पोटात घालत होतो. कालवणातलं एखादं ताईसुद्धा खायची. पण सोललेलं अंडं कवचाबद्दल काय बोलणार?

मग ताई झाकणाच्या टोपलीत दोन दोन कोंबड्या घेऊन बोईसरला जायला लागली. कंडक्टर रोज विचारायचा, बाई, कोंबडीचं तिकीट? लॅबमध्ये त्या कोंबड्यांची पायाची हाडं उभी चिरायची, आतलं खरवडून अंगाइतक्या कोमट मिठाच्या पाण्यात धुवायचं, तलम जाळीतून गाळायचं, आणि उरलेलं काचेच्या बशीत, बैलाच्या हाडाच्या नखाएवढ्या पातळ चकत्यांवर सोडायचं. कोंबडीचं बाकी सगळं वॉचमनच्या घरी. बशी उबदार कपाटात ठेवायची आणि वाट बघायची. पेशी असतील तर त्या चकत्या खातात. खड्डे पडतात. ते खड्डे सूक्ष्मदर्शकातून मोजायचे.

खड्डे पडेनात. चकती जशीच्या तशी. पंगतीत ताट वाढून ठेवलंय आणि जेवायला कोणी आलंच नाही.

ताईने पाणी बदललं. मग म्हणाली, बोईसरची वीज जाते, कपाट थंड पडतं. तिने साहेबांच्या मागे लागून जनरेटरची तार ओढून घेतली. मग पेशींच्या पाण्यात वासराच्या रक्तातलं पाणी घालतात, तेच खराब असेल म्हणून मुंबईहून दुसरी बाटली मागवली. काही नाही. शेवटी ती स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. रात्री जेवताना घास तसाच धरून हात उलटसुलट करून बघायची.

एके दिवशी आईला म्हणाली, "साहेब म्हणाले, पावसाळ्यापर्यंत पेशी आल्या नायत तर लॅब बंद. मी परत गोळ्यांवर."

आई म्हणाली, "गोळ्यांवर काय वाईट हाय?"

ताई आईच्या पाठीकडे बघत बसली.

मला ते बघवेना. आता मी काय करू शकतो? पेशीतलं मला कळत नाही. पण पेशी कोंबडीतून येतात, आणि कोंबडीतलं मला कळतं! कोंबडी ठणठणीत तर पेशी ठणठणीत. मी खुराक वाढवला. शिंपल्या दुप्पट केल्या. मूठ मूठ सुका जवळा. माकूल माशाच्या पाठीत ते पांढरं हलकं हाड असतं ना, तेसुद्धा किसून घातलं. ताईची दर खेपेला निराशा झाली की मी दुसऱ्या दिवशी वरवंटा जास्त जोरात चालवायचो. तिकडे ती पेशी वाढवायला धडपडत होती, इकडे मी तिच्यासाठी घाम गाळत होतो. बहीणभावाचं असं प्रेम कुठे बघितलंय?

मग साहेबांनी स्वतः यायचं ठरवलं. कोंबड्या बघायला.

आमच्या घरी तोवर साहेब असा कधी आला नव्हता. आईने अंगण दोनदा सारवलं. ताईने इस्त्रीची साडी नेसली आणि ओठ घट्ट मिटून बसली. मी कोंबड्यांचे पाय धुतले. साहेब स्कूटरवरून आले. चष्मा, खिशाला दोन पेनं, अगदी शांत माणूस. खुराड्यापाशी वाकून बघितलं आणि म्हणाले, "तब्येत तर छान आहे."

मला जोर आला. म्हटलं, साहेबांना आमलेट खिलवू. चूल बाहेरच होती. अंडं घेतलं आणि ओट्याच्या कडेवर आपटलं. फुटेना. पुन्हा आपटलं. फुटेना. मी हसत साहेबांकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा वरवंट्याची कड वापरली.

साहेबांनी खाली पडलेलं कवच उचललं. उन्हात धरलं. बोटाने दाबलं. मग ताईकडे बघितलं.

मी म्हटलं, "बघा साहेब, कसं हाय! तायच्या खाद्यात कसच नव्हता. अंड्याच्या जागी नुसतं पाणी घालत होत्या ह्या कोंबड्या. मी रोज पाटीभर शिंपल्या कुटून घालतो."

ताईच्या हातात चहाचा ट्रे होता.

साहेब खाली बसले. मला म्हणाले, "पाटीभर?"

"जास्तच," मी म्हणालो.

आता मला वाटलं, ताई मला वरवंटा फेकून मारणार. मारायला हवा होता. तिने ट्रे खाली ठेवला, ती आत गेली, आणि आतून आवाज आला. आम्हाला वाटलं रडते. आई लगबगीने आत गेली. बघते तर ताई भिंतीला टेकून, पदर तोंडात कोंबून हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. बाहेर येऊन साहेबांना म्हणाली, "सर, माझे हात चांगले हायत. हात चांगले हायत माझे." लॅबमधली तिची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती.

साहेब गेल्यावर तिने मला किनाऱ्यावर नेलं. काकाची होडी वर ओढलेली होती. होडीच्या बुडाला हात लावून ती म्हणाली, "होडी वर ओढली की आधी काय करतोस?"

"जुनं डांबर खरवडतो."

"मंग?"

"नवीन लावतो."

"हाडांचं तसंच. खरवडणाऱ्या पेशी वेगळ्या, लावणाऱ्या वेगळ्या. कोंबडीला कवचासाठी चुना लागतो. बाहेरून नाय मिळाला तर ती स्वतःच्या हाडातून काढते, म्हणून खरवडणाऱ्या पेशी वाढतात. त्या मला पाहिजेत. तू बाहेरूनच पाटीभर दिलास. त्यांना कामच उरलं नाय."

मी म्हटलं, "आणि खरवडणारे थांबलेच नायत तर?"

"तर आयची पाठ," ताई म्हणाली. "आमचं औषध त्यांना थांबवायचं हाय. पण आधी त्या बशीत यायला पाहिजेत, तवा तर औषध लावून बघणार."

मग तिने माझा कान धरला. लहानपणी धरायची तसा. "आता नवीन कोंबड्या येतील. मी पुरे म्हणेपर्यंत एक शिंपली नाय. काय?"

"एक नाय."

"मी पुरे म्हणेपर्यंत."

मी बाबांच्या फोटोची शपथ घेतली.

आणि मित्रांनो, मी एखादी गोष्ट पाळायची म्हटलं की ती मोडण्यापेक्षा वाईट पाळतो. आमचं अंगण म्हणजे काय? समुद्राची वाळू. वाळूत काय? शिंपल्यांचा चुरा. मी अख्खं अंगण उकरलं, वाळू टोपलीने बाहेर नेऊन टाकली आणि शेतातली लाल माती आणून पसरली. आळीत बोंबील वाळत घातलेले, कोंबड्या त्या वासाने वेड्या व्हायच्या. मी कोंबड्यांनाच माळ्यावर चढवलं. पार्वतीमावशीने सवयीने कुंपणावरून मूठभर जवळा फेकला, तर मी तो एकेक वेचून तिच्या दारात नेऊन टाकला. ती म्हणाली, "अरे, परवापर्यंत तूच मागायला येत होतास ना?" मी म्हटलं, "आता पथ्य हाय."

पातळ अंडी आली. मी ती दोन्ही हातांत धरून दारात उभा राहायचो आणि ताई एसटीतून उतरताना लांबूनच दाखवायचो. गावातल्या लोकांना वाटलं, पोरगा गेला कामातून.

आणि पेशी आल्या.

ताईने मला लॅबमध्ये नेलं. चप्पल काढायला लावली, अंगात पांढरा कोट घातला, तो ढोपराच्या वरच राहिला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर पहिल्यांदा मला मोठे काळे दोर दिसले. मी म्हटलं, बापरे, केवढ्या! त्या माझ्या पापण्या होत्या. मग तिने माझं डोकं धरून नीट बसवलं. तेव्हा दिसलं. एक पसरट, बेढब काहीतरी, आणि त्याच्या पोटात ठिपके, एक नाही, खूप. जणू सात-आठ जणांनी मिळून एकच अंग घेतलंय. दुसऱ्या काचेवर हाडाची चकती होती, पेशी पुसून काढलेली. तिच्यावर खड्डे. ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूत खेकड्यांची बिळं दिसतात ना, तसेच. कुठे एकटं, कुठे घोळका.

"ह्या सगळ्या तुझ्या कोंबड्यांच्या," ताई म्हणाली.

मी विचारलं, "ह्यांना कळतं का, कुठं थांबायचं ते?"

"तेच तर शोधायचंय," ती म्हणाली, आणि मला तिथून ढकललं, कारण तिला स्वतःला बघायचं होतं.

इथवर किस्सा मजेचा आहे. इथेच संपवला असता तर बरं झालं असतं. पण चहा अजून शिल्लक आहे तुमचा.

पावसाळा आला. लॅब चालू राहिली. पांढऱ्या कोंबड्यांची शेवटची खेप माळ्यावर होती, कडक पथ्यावर. गणपतीच्या आधी एके दिवशी ताई बोईसरहून आली तीच थरथरत. दोन गोधड्या घातल्या, तरी दात वाजत होते. मलेरिया आमच्याकडे घरोघरी असतो, म्हणून कोणी फार घाबरलं नाही. आई काढा करत होती. मी पायाशी बसलो होतो.

ताईने डोळे उघडले आणि म्हणाली, "रम्या, कोंबड्या…"

मी लगेच म्हटलं, "काळजी करू नको. एक शिंपली दिली नाय."

तिने मान हलवली. "नाय रे, कोंबड्यांना आता…"

"देणार पण नाय," मी म्हटलं. "तू पुरे म्हणेपर्यंत नाय. बाबांची शपथ हाय. तू झोप."

तिने माझ्याकडे बघितलं. हसल्यासारखं केलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, समाधान झालं तिचं.

ताप मेंदूत चढला. पालघरला नेलं. परत आणली ती तशी.

पुढचं मी सांगत नाही. नवापूरच्या किनाऱ्यावर सगळं केलं. राख गोळा करताना काकाने मला हाडं वेचायला सांगितली. मी वेचली. तेव्हा तो प्रश्न पुन्हा डोक्यात आला, पहिला सांगितला तो. मग भेटेल त्याला विचारत सुटलो.

घरात आई बोलायची बंद झाली. भिंतीकडे तोंड करून बसायची. आणि मी? मी कोंबड्या सांभाळत होतो. कणी, मका, पेंड. दुसरं काही नाही. घरात दुसरं काही मला बरोबर करता येत नव्हतं, हे एक येत होतं. तिने सांगितलेलं काम होतं आणि ते चालू होतं. काम चालू आहे म्हणजे काहीतरी चालू आहे.

अंडी आधी पातळ आली. मग बंद झाली. मग एक कोंबडी पाय फाकून बसली, ती उठेना. मग दुसरी. पार्वतीमावशी कुंपणाशी येऊन म्हणाली, सुरीची धार घरी ठेवून आली होती, "रम्या, बाळा, आता तरी त्यांना घाल काहीतरी."

मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, "ताय पुरे म्हणाली नाय अजून."

मावशी काही न बोलता गेली. अशी ती आयुष्यात पहिल्यांदा गेली असेल.

शेवटी मला वाटलं, निदान या लॅबमध्ये पोचवू. तिच्या कामाला लागतील. टोपलीत घातल्या, एसटी धरली. कंडक्टर तोच. त्याने टोपलीकडे बघितलं, माझ्या डोक्याकडे बघितलं, केस काढलेले होते. तिकिटाचं काही विचारलं नाही.

कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणाला, "दीदी के भाई हो ना?" आणि स्वतःचं स्टूल मला दिलं. टोपलीतल्या कोंबड्यांकडे त्याने बघितलं नाही.

साहेब खाली आले. मी म्हटलं, "साहेब, ह्या शेवटच्या. एकदम कडक पथ्यावरच्या. एक शिंपली दिलेली नाही. आता तर उभ्यासुद्धा राहत नाहीत, इतकं पथ्य झालंय. भरपूर पेशी निघतील."

साहेब गुडघ्यावर बसले. एका कोंबडीचा पाय हळूच उचलून बघितला. मला म्हणाले, "तुम्हाला सुनंदाबाईंनी सांगितलं नव्हतं?"

"काय?"

"आम्हाला हव्या होत्या तेवढ्या पेशी झाल्या होत्या. औषध लावूनही झालं. खड्डे कमी पडले. बाईंनीच मोजले. आजारी पडल्या त्या दिवशी निघताना म्हणाल्या, सर, कोंबड्या आता पुरे. आज भावाला सांगते, त्यांना पोटभर शिंपल्या घाल."

मी टोपलीचं झाकण लावलं. काढलं. परत लावलं.

"आम्ही कळवायला हवं होतं," साहेब म्हणाले. "आमच्या लक्षात आलं नाही." तेव्हाच मी त्यांना तो प्रश्न विचारला आणि त्यांनी चष्मा काढला.

म्हणजे बघा. ती पुरे म्हणाली होती. साहेबांना ठाऊक होतं, बहुतेक वॉचमनलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते दोघांनाच, कोंबड्यांना आणि मला. आणि कोंबड्यांना तरी तिचं वाक्य मध्येच तोडायची सवय नव्हती. कोंबड्यांबद्दल तिने मला दोनदा विचारायला किंवा सांगायला तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा मी इतकं चटकन आणि इतकं खरं उत्तर दिलं, की तिचं काम झालंच नाही. घालायच्या नव्हत्या तेव्हा पाटीभर घातल्या. घालायच्या होत्या तेव्हा बापाची शपथ पाळली. हसा, हसा. ती पण हसली असती, भिंतीला टेकून, पदर तोंडात कोंबून.

मी टोपली घेऊन परत आलो. ओहोटी होती. किनाऱ्यावर गेलो, तिची राख सोडली त्या बाजूला नाही, पलीकडे, खडकाकडे. शिंपल्या वेचल्या. अंगणात वरवंटा घेऊन बसलो आणि कुटायला लागलो. किती कुटल्या म्हणता? गावातल्या सगळ्या कोंबड्यांना वर्षभर पुरतील एवढ्या.

कोंबड्यांना उठता येत नव्हतं, म्हणून चुरा ओंजळीत घेऊन त्यांच्या चोचीपुढे धरला. पहिलीने चोच मारली. चुरा तिच्या चोचीतून खाली पडला. दुसरीच्या पण पडला. मला कळेना. मी ओंजळ तशीच धरून बसलो.

दारात आई येऊन उभी राहिली होती. किती दिवसांनी ती दारापर्यंत आली होती. वाकून, माझ्या हातातल्या चुऱ्याकडे बघत होती.

"जाड हाय," आई म्हणाली. "बारीक कर."

कोंबड्यांच्या बाबतीत माझं एकही काम पहिल्या खेपेला धड झालेलं नाही. मी पुन्हा बसलो आणि बारीक केलं.